गुरांच्या खिंडीपर्यंत : सायकलवरून स्कॉटलंड

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘माझा परदेश प्रवास’. मी म्हटलं, प्रवास अजून व्हायचाय, सध्या नुसतं नियोजन झालंय. ते म्हणाले, मग नियोजनावर बोल, तुमच्या धंद्यात तेच तर असतं. तेव्हा पुढची वीस मिनिटं मी न झालेल्या सहलीबद्दल बोलणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी मागे चहा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आम्ही माउंटन बाइक घेऊन स्कॉटलंड फिरणार, असं गटावर लिहिल्याबरोबर चौघांनी विचारलं, बुलेट इथून नेणार की तिथे भाड्याने घेणार? मराठीत बाइक म्हणजे मोटारसायकल, त्याला इलाज नाही. ही पाय मारायची सायकल आहे. टायर जाड, पुढच्या चिमट्याला शॉक अॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, आणि चढासाठी खूप हलका गिअर. दगडधोंड्यांच्या, मुळ्यांच्या, चिखलाच्या वाटेवर चालवायची. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला मात्र मोटारीने जायचं.

जाणारे सहाजण आहेत. १९९६ च्या दहावीच्या तुकडीतले पाच आणि माझा नवरा. पाचांपैकी एक पुण्याचा, जो दर वर्षी सायकलवरून गोव्याला जातो आणि येऊन फोटो टाकतो. एक लीड्सला राहणारा. एक नाशिकची डॉक्टर. एक मी. आणि एक माझी बाकावरची शेजारीण, जी आज समोर बसलीय आणि माझं नाव घेऊ नकोस म्हणून मघापासून खुणा करतेय. मी तिला शेजारीणच म्हणणार.

स्कॉटलंडच का, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. डोंगर तर आपल्याकडे आहेत, आणि उंचीच म्हणाल तर बेन नेव्हिस हे तिथलं सर्वांत उंच शिखर १३४५ मीटर, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वरएवढं. खरं कारण कायद्यात आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ साली जमीन सुधारणा कायदा केला. त्यानुसार तिथल्या बहुतेक सगळ्या जमिनीवरून, मग ती कोणाच्या का मालकीची असेना, पायी, सायकलवर किंवा घोड्यावरून जायचा हक्क प्रत्येकाला आहे. तिथल्या नागरिकालाच नाही, तुम्हाआम्हालाही. घराचं आवार आणि उभं पीक वगळलेलं आहे, मोटारगाडीला हा हक्क नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये असं नाही, तिथे साध्या पायवाटेवरून सायकल चालवण्याचा असा हक्क नाही.

या हक्काला एकच अट आहे, तो जबाबदारीने वापरायचा. त्याची आचारसंहिता २००५ पासून लागू आहे आणि ती वाचायला सोपी आहे. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर आपल्या मागे बंद करा. कोकरं असतील तिथून लांबून जा. चालणारा समोर आला तर वेग कमी करून त्याला वाट द्या. ओल्या जमिनीवर ब्रेक दाबून चर पाडू नका. आपल्या गडवाटांवर ही चार वाक्यं पाळली गेली तर किती बरं होईल, पण तो विषय वेगळा.

दुसरं कारण थोडं भावनेचं आहे. वाईच्या माणसाला स्कॉटलंड अगदीच परकं नाही. महाबळेश्वरच्या बाजारपेठेला जुन्या कागदांत माल्कम पेठ म्हणतात. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास ते थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतलं. हा माल्कम दक्षिण स्कॉटलंडमधल्या लँगहम गावाजवळचा. त्या गावाच्या वरच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ उभारलेला उंच दगडी स्तंभ आजही आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, तोही स्कॉटलंडच्या बँफचा. आमच्या पहिल्या मुक्कामापासून लँगहम साधारण दीड तासावर आहे. म्हणून अर्धा दिवस तिकडे जाऊन टेकडी चढायची, असं ठरवलंय. पुण्याच्या मित्राला हा अर्धा दिवस वाया वाटतो. त्याचं मत नोंदवलेलं आहे.

पावसाचंही तसंच. तिथल्या पश्चिमेकडच्या डोंगरांत काही ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि पूर्व किनाऱ्याच्या काही भागांत ७०० ते ८००. हे बाहेरच्या माणसाला नकाशा काढून समजवावं लागतं. आपल्याला नाही. महाबळेश्वरला ढगफुटीसारखा कोसळत असतो तेव्हा वाईत लोक छत्री न घेता बाजारात जातात, हे आपण लहानपणापासून बघतोय. आमच्या वेळापत्रकाचा कणाच हा आहे. मुक्काम पश्चिमेला, पण प्रत्येक मुक्कामापासून दोनेक तासांच्या अंतरावर पूर्वेकडची एक पर्यायी वाट ठरवलेली. आदल्या रात्री डोंगराळ भागासाठीचा हवामान अंदाज पाहायचा आणि सकाळी गाडीचं तोंड कुठे वळवायचं ते ठरवायचं. चौदा दिवसांत दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवलेत.

आता मुख्य अडचणीकडे येते. ती पावसाची नाही.

सहाजणांची सायकल सहा प्रकारची आहे. पुणेकर आणि लीड्सकर वेगवान. डॉक्टर आणि मी मध्यम. माझ्या नवऱ्याचा गुडघा दुखतो, तो मदतीची मोटर असलेली ई-सायकल घेणार. ब्रिटनमध्ये तिला २५० वॅटची आणि ताशी पंचवीस किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे तो आमच्या पुढे पळून जाईल ही भीती नाही. आणि माझी शेजारीण. तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल, ती गावाहून सात किलोमीटर सायकल मारत शाळेत यायची, पावसाळ्यात चिखलातून, आणि एकही दिवस उशीर नाही. दहावीनंतर ती सायकल धाकट्या भावाकडे गेली. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही, मुलीचं शिक्षण पुढे एसटीने झालं. त्यानंतर ती थेट दोन वर्षांपूर्वी सायकलवर बसली. बँकेतून निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याची जुनी सायकल तिने विकत घेतली म्हणून.

पहिल्या बैठकीत पुणेकर मित्राने यादी मांडली. सगळ्या अवघड, नामांकित वाटा. यादी चांगली होती, अभ्यास करून केलेली. कोणीतरी विचारलं, आणि ही? तो म्हणाला, ती त्या दिवशी गाडीत बसेल ना, गाडीही कोणीतरी चालवायलाच हवी. त्यात दुष्टावा नव्हता, तो आजही समोर बसून मान डोलावतोय. पण शेजारीण म्हणाली, गाडीत बसून डोंगर बघायला मी स्कॉटलंडला कशाला येऊ, ते मी नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला दर दिवाळीत करते.

त्या दिवशी मी ती यादी फाडली नाही, पण बाजूला ठेवली आणि उलटीकडून सुरुवात केली. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात पहिला प्रश्न हा असतो की हे कुठे मोडेल. यंत्रणा सगळं नीट चाललं असताना कशी पळते याला फार किंमत नसते. तसं मी प्रत्येक दिवसाला दोन प्रश्न लावले. एक, या दिवशी सहाही जण सायकलवर असतील का? दोन, यातला कोणीही थकला तर कुठून परत फिरेल, आणि त्याला परत आणायला दुसऱ्या कोणाचा दिवस मोडेल का? ज्या दिवसाची उत्तरं बरोबर आली नाहीत तो दिवस गेला. पुणेकराच्या यादीतल्या नऊ वाटांपैकी तीन उरल्या.

मग जे उरलं ते असं.

पहिले तीन दिवस ट्वीड नदीच्या खोऱ्यात, पीबल्स गावाजवळच्या ग्लेनट्रेस जंगलात. एडिनबरापासून हे जवळ आहे, विमानाचा शीण घेऊन लांब गाडी हाकावी लागत नाही. दक्षिण स्कॉटलंडमध्ये खास सायकलसाठी बांधलेल्या वाटांच्या केंद्रांची एक साखळी आहे, सेव्हन स्टेन्स नावाची. स्टेन म्हणजे तिथल्या बोलीत दगड, आणि प्रत्येक ठिकाणी एक कोरलेला दगड उभा केलेला आहे. ग्लेनट्रेस त्यातलंच. या वाटांना रंग असतात. हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, लाल, आणि काळी सगळ्यात अवघड. ग्लेनट्रेसमध्ये चारही रंग एकाच परिसरातून सुटतात आणि तिथेच परत येतात. म्हणजे पुणेकर काळ्या वाटेने जाऊ दे, शेजारीण निळीने जाऊ दे, दुपारी जेवायला सगळे एकत्र. २०२३ ची क्रॉस-कंट्री जागतिक स्पर्धा याच जंगलात झाली, त्यामुळे काळ्या वाटेवर जाणाऱ्यांना फुशारकी मारायलाही जागा आहे.

तिथून फोर्ट विल्यम. बेन नेव्हिसच्या पायथ्याचं गाव. शेजारच्या डोंगरावर पाळणा आहे, त्यातून सायकली वर नेता येतात, आणि वरून उतारशर्यतीची वाट सुटते. २००२ पासून तिथे या प्रकाराची विश्वचषक स्पर्धा अनेकदा झालीय. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबी, साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार, आणि जगातले अव्वल लोक पाच मिनिटांच्या आत खाली येतात. आमच्यातल्या दोघांना ती करायची आहे. माझी अट एवढीच, की आधी पूर्ण वाट पायी बघायची आणि पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट भाड्याने घ्यायचं. बाकीच्यांसाठी पायथ्याच्या जंगलात सोप्या वाटा आहेत. वारा वाढला की पाळणा बंद होतो, तेव्हा त्या दिवशी सगळेच जंगलात.

सायकली नेण्याबद्दल पटकन सांगते, कारण हे कोणालातरी उपयोगी पडेल. भारतातून सायकल खोक्यात घालून नेता येते, पण दोन विमानं, खोकं गाडीत मावणं, परत बांधणं, हे सहाजणांना जमणारं नाही. आम्ही तीन ठिकाणी भाड्याने घेतोय. दक्षिणेत जागेवर, फोर्ट विल्यमला जागेवर, आणि उत्तरेच्या पाच दिवसांसाठी इनव्हर्नेसहून. भाड्याच्या मोटारीला सायकलचा रॅक लावू देतात का हे आधी लेखी विचारावं, बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. लीड्सकर स्वतःची गाडी आणतोय, तिच्या मागे चार सायकलींचा रॅक आहे, उरलेल्या दोन दुसऱ्या गाडीत पुढची चाकं काढून. रॅकने नंबर प्लेट झाकली गेली तर रॅकवर वेगळी पाटी लावावी लागते. आपल्या परवान्यावर पाहुण्याला तिथे बारा महिने छोटी गाडी चालवता येते, आणि वाहतूक डावीकडूनच आहे. मैलांत लिहिलेल्या वेगमर्यादेची तेवढी सवय करायची. उत्तरेत रस्ते एकपदरी. मधे मधे बाजूला घ्यायच्या जागा केलेल्या असतात, तिथे थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं आणि मागचा घाईत असेल तर त्यालाही. तिथे गाडी उभी करून फोटो काढत बसायचं नाही. ज्याने तापोळ्याच्या रस्त्यावर गाडी चालवलीय त्याला हे जड जाणार नाही. फक्त हॉर्न विसरायचा.

आता टॉरिडन. बाई, हा भाग तुमच्यासाठी आहे.

हे वायव्येकडचे डोंगर, तांबूस वालुकाश्माचे, फार जुने. इथे बांधलेल्या वाटा नाहीत, रंग नाहीत, पाट्या नाहीत. अॅखनाशेलाख या छोट्या रेल्वे स्टेशनापासून डोंगरात चढून टॉरिडनच्या बाजूला उतरणारी एक वाट माउंटन बाइकवाल्यांत फार नावाजलेली आहे. यादीतल्या उरलेल्या तीन वाटांमधली ही एक. मोबाइलला तिथे रेंज धरून चालायची नाही. म्हणून कागदी नकाशा. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा मी मागवला आणि टेबलावर पसरला. समोच्च रेषा दर दहा मीटरला. नववीत तुम्ही आम्हाला स्थलनिर्देशक नकाशा वाचायला बसवलं होतं, रेषा जवळ आल्या की काय, लांब गेल्या की काय, आणि बोट ठेवून दरी कुठली आणि सोंड कुठली ते सांगायला लावलं होतं. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर फुली-गोळा खेळत होतो असा तुमचा समज होता. थोडा खरा होता. पण रेषा लक्षात राहिल्या. नवरा संगणकावर तीच वाट त्रिमितीत फिरवून दाखवत होता, आणि मला कागदावर बोट फिरवून कळत होतं की कुठे सायकल खांद्यावर घ्यावी लागेल.

वेळ धरायला एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला. तीन मैलांना एक तास, आणि वर चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. म्हणजे आपल्या मापात पाच किलोमीटरला तास, आणि सहाशे मीटर चढाला वेगळा तास. हा चालणाऱ्यांचा हिशेब आहे. सायकल असूनही आम्ही तोच धरला, कारण अशा वाटेवर चढाला सायकल ढकलावीच लागते. वेळ उरला तर उतारावर दगडावर बसून डबा खाऊ.

त्या दिवशी आम्ही दोन गट करतोय. वेगवान तिघे वरच्या वाटेने. दुसरे तिघे त्याच स्टेशनापासून कूलिन खिंडीतून, जंगलातल्या आणि इस्टेटीच्या रुंद रस्त्याने, दोन तळ्यांच्या काठाने टॉरिडनच्या खोऱ्यात. संध्याकाळी भेट एकाच ठिकाणी. नकाशावर वरच्या वाटेला मी तीन लाल टिंबं दिलीत. प्रत्येक टिंबापाशी घड्याळ बघायचं. ठरलेल्या वेळेनंतर तिथे पोचलो तर पुढे जायचं नाही, आलो तसं परत. आणि तिघांपैकी कोणीही एकाने परत म्हटलं की परत. मतदान नाही, समजूत काढणं नाही. पुणेकर मित्राशी यावर माझं तीन आठवडे भांडण झालं. त्याचं म्हणणं, डोंगरात गेल्यावर माणसाच्या तब्येतीनुसार ठरवावं, टिंबं काय कामाची. माझं म्हणणं, डोंगरात गेल्यावर माणूस तब्येतीचं खोटं सांगतो, विशेषतः पुण्याहून आलेला. शेवटी डॉक्टरने माझ्या बाजूने मत दिलं तेव्हा टिंबं राहिली.

अडचण आलीच तर ९९९ फिरवून पोलिसांना मागायचं आणि पोलिसांकडे डोंगर बचाव पथक. ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. रेंज क्षीण असेल तर त्याच क्रमांकाला एसएमएस करता येतो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो. लीड्सकर पोचल्या दिवशी सगळ्यांना नोंदवायला लावणार आहे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. मिनिटाला सहा वेळा वाजवली की मदत हवी असा अर्थ. सरांच्या कवायतीच्या शिट्टीपेक्षा हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

आता गुरांची खिंड. शीर्षक तिच्यावरून घेतलंय. टॉरिडनच्या नैर्ऋत्येला अॅपलक्रॉस नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे जायचा जुना रस्ता ब्यालख ना बा या खिंडीतून जातो. गेलिक भाषेत नावाचा अर्थ गुरांची खिंड. खिंडीची उंची ६२६ मीटर आणि रस्ता सुटतो जवळजवळ समुद्रसपाटीपासून. १९७० च्या दशकात किनाऱ्याकडून दुसरा रस्ता होईपर्यंत या गावाला गाडीने जायचा हाच एक मार्ग होता. बर्फ पडलं की संपर्क तुटायचा. खाली पाटी आहे, शिकाऊ चालकांनी आणि मोठ्या वाहनांनी जाऊ नये अशी.

ही डांबरी सडक, माउंटन बाइकचा इथे काही संबंध नाही, म्हणून माझ्या आराखड्यात हा दिवस गाडीने बघायचा होता. शेजारणीने आराखडा वाचला आणि विचारलं, ६२६ मीटर म्हणजे आपला पसरणीचा घाट किती गं? मी मोजलं. वाईहून पाचगणी साधारण बारा किलोमीटर आणि सहाशे मीटरच्या आसपास चढ. गुरांची खिंड नऊएक किलोमीटरमध्ये तेवढाच. ती म्हणाली, मग मला हा द्या. पसरणीचा घाट मी यंदा चौदा वेळा चढलेय, तुमच्यापैकी कोणी सांगा किती वेळा.

सगळे गप्प.

मग ती जे बोलली त्याने आमचं अर्ध नियोजन बदललं. तुम्ही सगळे माझ्यासाठी सोपी वाट शोधताय, ती म्हणाली. पण तुमच्या सोप्या वाटेतसुद्धा उतार आहेत आणि मला भीती उताराची आहे. चढाची नाही. शाळेत येताना चढ होता, जाताना उतार. जाताना मी उतरून सायकल हातात धरून चालायचे, हे तुम्हाला कोणाला माहीत नाही, कारण तुम्ही सगळे पुढे गेलेले असायचात.

अठ्ठेचाळीस रकान्यांचा माझा तक्ता होता. वाटेची लांबी, चढ, रंग, वेळ, परतीची जागा. त्यात चढ आणि उतार वेगळे धरणारा एकही रकाना नव्हता. सगळी जगातली मार्गदर्शकं अवघडपणा मोजतात तो उताराच्या वाटेवरचा. चढ म्हणजे दमणं, दमणं म्हणजे कमी दर्जाचं, असं गृहीतच असतं. आता प्रत्येक माणसासमोर दोन आकडे आहेत. त्यामुळे असं झालं की दोन दिवशी शेजारीण आणि पुणेकर एकाच वाटेने वर जाणार आहेत आणि वरून वेगवेगळ्या वाटांनी खाली. तो काळ्या, ती हिरव्या. चढाला तो तिच्याबरोबर राहील का, याबद्दल मला शंका आहे.

पसरणीचा चढ सरासरी पाच टक्के, ब्यालख ना बाचा सात, आणि शेवटच्या वळणांत वीस टक्क्यांपर्यंत. त्यासाठी हलका गिअर हवा. म्हणून डांबरी रस्ता असूनही ती माउंटन बाइकच घेणार, पुढे एक चक्र आणि मागे बारा, सगळ्यात मोठ्याला पन्नासच्या आसपास दात. ताशी पाच-सहा किलोमीटरने जाईल, पण पाय टेकणार नाही. निघायचं पहाटे साडेपाचला. मेच्या मध्याला तिथे पाचच्या सुमारास उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पर्यटकांच्या गाड्या नऊनंतर येतात. ई-सायकल घे असं दोघांनी सुचवलं. तिने ऐकलं आणि चहा ओतला.

या मे महिन्याचं कारण नुसता उजेड नाही. तिथे मिज नावाची चिलटं असतात, डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक, चावरी, आणि हजारोंनी. त्यांचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट. थोडा वारा असला, ताशी दहा किलोमीटरच्या पुढे, की ती उडत नाहीत. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत डोंगरात हरणांच्या शिकारीचे दिवस असतात, तेव्हा इस्टेटवाल्यांना विचारून वाट बदलावी लागते. मेमध्ये ती कटकट नाही, आणि आपल्या मुलांना सुट्टी असते.

उत्तरेला शेवटचं टोक गोल्स्पी. पूर्व किनाऱ्यावरचं गाव, म्हणजे पश्चिमेला कोसळत असलं तरी इथे बऱ्यापैकी कोरडं. गावामागच्या बेन ब्रॅगी टेकडीवर सायकलच्या वाटा आहेत, माथ्यापासून जवळजवळ समुद्रापर्यंत उतरणाऱ्या. माथ्यावर सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा भलामोठा पुतळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घराण्याच्या इस्टेटीवरून हजारो कुळांना खोऱ्यांतून उठवून किनाऱ्याला हाकललं गेलं, जमीन मेंढ्यांना मोकळी करण्यासाठी. पुतळा ठेवावा की पाडावा यावर अजून वाद आहे. आपण ज्याला निर्मनुष्य, अस्पर्श निसर्ग म्हणून फोटो काढतो त्यातल्या कित्येक खोऱ्यांत घरांचे चौथरे आहेत. धोम धरणाच्या पाण्याखाली ज्यांच्या घरच्यांची गावं गेली अशी मुलं आपल्या वर्गात होती. कारणं वेगळी, काळ वेगळा, मी तुलना करत नाही. पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा कळस दिसतो का ते बघायला ती जायची, हे मला ती टेकडी नकाशावर बघताना आठवलं. पुतळ्यापाशी थांबायचं, माहिती वाचायची आणि मग उतरायचं, असं वेळापत्रकात लिहिलंय. वीस मिनिटं.

परतीच्या वाटेवर दोन दिवस एव्हीमोर, केर्नगॉर्मच्या पाइनच्या जंगलात, तळ्याकाठच्या सपाट वाटा. तोपर्यंत सगळ्यांचे पाय गेलेले असतील.

किरकोळ गोष्टी. व्हिसासाठी प्रवासाआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो, बँकेतल्या रजा त्यानुसार. विमा घेताना माउंटन बाइकिंग त्यात धरलंय का ते बारीक अक्षरांत वाचायचं, पुष्कळदा नसतं. खाणं वसतिगृहांच्या स्वयंपाकघरात स्वतः करायचं. पोहे, मेतकूट, डाळ-तांदूळ इथून. पण युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत. लीड्सकर हे ऐकून जितका हळहळला तितका टॉरिडनच्या टिंबांवरून चिडला नव्हता.

सरांनी मघाशी विचारलं, खिंडीच्या माथ्यावरून ती खाली कशी येणार? योग्य प्रश्न आहे. माथ्यावर गाडी उभी असेल, तिच्या सायकलची जागा रॅकवर मोकळी ठेवलेली. अॅपलक्रॉसकडची बाजू चढलेल्या बाजूपेक्षा पुष्कळ सौम्य आहे, नागमोडी वळणं नाहीत, समोर समुद्र आणि स्काय बेट. ती उतरेल की गाडीत बसेल हे तिने ठरवलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. सध्या दर शनिवारी ती पांडवगडाच्या पायथ्याच्या मातीच्या वाटेवर उतार शिकतेय. वजन मागे, टाचा खाली, नजर चाकावर नाही तर पुढे, आणि दोन्ही ब्रेक हलकेच, एकदम नाही. पुणेकर तिला शिकवायला वाईला येतो. त्याला स्वतःला हे सगळं येतं, शिकवता येत नव्हतं. आता थोडं येतं.

उद्या रविवार आहे. सकाळी सहाला ढोल्या गणपतीपाशी जमून पसरणीचा घाट चढायचाय, महाबळेश्वरच्या गाड्या सुरू व्हायच्या आत. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं, अर्ध्यातून परत फिरलं तरी चालेल. सायकल नसेल तर माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत. त्यातल्या निळीचा मागचा ब्रेक करकरतो, पण लागतो.